क्रोशाच्या नोंदी: तोरण, बाळंतविडा, भाऊबीज आणि आजीची शाल

2 जुलै 2024, मंगळवार

आजपासून लिहून ठेवते आहे. गेल्या हिवाळ्यात आजीला शब्द दिला होता की तुला शाल विणून देते. तेव्हा धाकटी नुकतीच झाली होती, शाल राहूनच गेली. आजी एका शब्दाने बोलली नाही, म्हणूनच ते जास्त लागून राहिलं.

या वर्षी चार कामं धरली आहेत. गणपतीच्या आत सासूबाईंच्या दारासाठी आंब्याच्या पानांचं तोरण. ऑक्टोबरात नणंदेचं बाळंतपण आमच्याकडे आहे, त्यासाठी बाळंतविडा. भाऊबीजेला दादासाठी काहीतरी, काय ते अजून सुचलेलं नाही. आणि संक्रांतीला आजीची शाल.

वेळ मोजून पाहिला. रात्री दोघं झोपल्यावर पावणेदहा ते साडेदहा. दुपारी धाकटी झोपली तर पाऊण तास. थोरल्याच्या शाळेच्या रिक्षाची वाट बघताना दहा मिनिटं. धाकटी नऊ महिन्यांची आहे, रांगते, आणि जमिनीवर दिसेल ते तोंडात घालते.

4 जुलै

क्रोशाच का, दोन सुयांचं विणकाम का नाही, असं सासूबाईंनी विचारलं. दोन सुयांवर शंभर-सव्वाशे टाके एका वेळी उघडे असतात. मूल रडलं, आपण घाईने उठलो, सुई निसटली की ओळच्या ओळ सुटते. क्रोशात सुईवर एकच फास असतो. तो बोटभर लांब ओढायचा, सुई काढून घ्यायची आणि उठायचं. परत आल्यावर फास ओढून घट्ट केला की काम होतं तिथून सुरू. लहान मुलांच्या घरात माझ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

आजीने शिकवलं तेव्हाचे शब्द अजून तेच आहेत. साखळी. मुका खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता काढलेला बुटका टाका. खांब, म्हणजे एक वेढा घेऊन काढलेला उंच टाका. इंग्रजी नमुन्यांत मोठा घोळ असतो. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला ते न बघता विणलं तर टोपडं पावलाला बसेल एवढं होतं, नाहीतर कुंचीएवढं. मी नमुना वाचतानाच पेन्सिलीने वर ‘मुका’ आणि ‘खांब’ लिहून घेते, मग घोळ राहत नाही.

9 जुलै

रविवार पेठेत जाऊन आले. धाकटी कडेवर, थोरला सासूबाईंकडे. तोरणासाठी हिरवा, केशरी आणि पिवळा जाड सुती दोरा घेतला. बाळासाठी मऊ सुती दोरा, पांढरा आणि मरून. शालीची लोकर आज घ्यायची नव्हती, पण एक गडद निळा रंग हातात धरला आणि खाली ठेववेना. शंभर ग्रॅमचे तीन गुंडे घेतले. दोन गुंडे आणखी लागतील, पुढच्या खेपेला आणीन.

घरी आल्यावर आधी सुयांची सोय केली. स्टीलची बारीक सुई आजीची आहे. तिच्या दांड्यावरचा नंबर बोटांनी झिजून गेला आहे. ती आणि बाकीच्या सुया थोरल्याच्या जुन्या कंपासपेटीत, आणि कंपासपेटी कपाटाच्या वरच्या फळीवर. चालू गुंडा चहापावडरीच्या रिकाम्या डब्यात. झाकणाला एकच गोल भोक पाडलं आणि भोकाची कड मेणबत्तीवर जरा गरम करून गुळगुळीत केली, नाहीतर लोकर खरवडते. आता धाकटीने डबा लोळवला तरी लोकर आत राहते. खुणेसाठी सेफ्टी पिन वापरायच्या नाहीत असं ठरवलं आहे. वेगळ्या रंगाचा बोटभर दोरा टाक्यात अडकवला की खूण होते, आणि काम संपलं की दोरा मोजून परत पेटीत.

15 जुलै

तोरणाची पहिली तीन पानं झाली. 22 साखळ्या घालायच्या, एका बाजूने जाताना आधी मुके खांब, मग अर्धे, मग मध्यावर पूर्ण खांब, पुन्हा उतरत मुके. टोकाला तीन टाके एकाच घरात आणि साखळीच्या दुसऱ्या बाजूने तसंच परत. पान दहा सेंटिमीटर होतं. पहिलं पान सपाट झालं, आंब्याचं वाटेना. मग परतीच्या फेरीत मधल्या रेघेवर वरून स्लिप स्टिचची, म्हणजे उंची नसलेल्या सरकत्या टाक्यांची, एक ओळ काढली. शीर उठून आली आणि पान जिवंत दिसायला लागलं.

एका पानाला पंचवीस मिनिटं. हे माप माझ्या दिवसाला बरोबर बसतं. एका दुपारी एक पान पुरं होऊन बाजूला पडतं. अर्धवट काहीच राहत नाही. मूल लहान असताना मोठं एकसंध काम धरायचं नाही, तुकड्यांचं धरायचं, हे मला धाकटीच्या पहिल्या तीन महिन्यांत कळलं. तेव्हा एक पांघरूण सुरू केलं होतं, त्याची एक ओळ सतरा मिनिटांची होती आणि मला सलग सतरा मिनिटं कधी मिळालीच नाहीत.

22 जुलै

थोरल्याला यात भाग हवा होता. सुई मागत होता, ती द्यायची नव्हती. मग त्याची मण्यांची पाटी काढली. माझी एक ओळ झाली की मी ‘झाली’ म्हणते आणि तो एक मणी सरकवतो. मणी तारेत ओवलेले आहेत, त्यामुळे धाकटीच्या तोंडात जायची भीती नाही. दहा मणी सरले की दुसऱ्या तारेवरचा एक सरकवायचा, हे मी सांगितलं नव्हतं. शाळेत शिकून आला होता आणि इथे त्याने स्वतःच लावलं. ‘आई, अकरा झाल्या’ असं म्हणाला तेव्हा मी मोजून पाहिलं. अकराच होत्या.

6 सप्टेंबर, हरितालिका

मधल्या नोंदी राहिल्या. ऑगस्टमध्ये दोघांनाही ताप येऊन गेला, आधी थोरला, मग धाकटी. पंधरा दिवस सुई हातात नव्हती. पानं डब्यात तशीच पडून होती, त्यांना काही झालं नाही.

अकरा पानं, दहा झेंडू. झेंडूसाठी लांब साखळीवर प्रत्येक घरात तीन-तीन खांब काढायचे. पट्टी आपोआप पिळते, ती गुंडाळून बुडाशी टाके घातले की फूल. तीन फुटांच्या दाराला पट्टीची साखळी 90 सेंटिमीटरची धरली होती, पण पानांचं वजन लागल्यावर ती चार सेंटिमीटर ओघळली. पट्टी उसवून मुक्या खांबांची दुहेरी ओळ केली, आता ताठ आहे. लटकणाऱ्या कुठल्याही वस्तूची पट्टी मुक्या खांबांचीच करावी.

संध्याकाळी नवऱ्याने खिळ्यांना अडकवलं. सासूबाई हरितालिकेच्या पूजेच्या गडबडीत होत्या. बाहेर आल्या, वर बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या रुखवतात असं तोरण होतं. मण्यांचं होतं, आईने केलेलं. इकडे आल्यावर कुठे गेलं कळलंच नाही.’ इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. उद्या गणपती याच दारातून येणार.

14 सप्टेंबर

नणंद आली आहे. सातवा संपला तेव्हाच येणार होती, पण तिच्या कामामुळे उशीर झाला. आता घरात लपवून विणायचं कसं हा प्रश्न आहे. सुरुवातीचे दोन दिवस रात्री स्वयंपाकघरात बसून विणलं. तिसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला उठली आणि बघितलंच तिने. ‘वहिनी, हे बाळाचं?’ म्हणाली आणि शेजारी पाट ओढून बसली. मग लपवणं सोडून दिलं. रात्री दोघी बसतो, ती टोकं लपवायचं काम करते. एरवी मला ते सर्वांत कंटाळवाणं वाटतं.

बाळंतविडा म्हणजे झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची असं सगळं. झबली आणि लंगोट जुन्या मऊ सुती साड्यांचे सासूबाई शिवणार आहेत. त्या कामाला क्रोशा नको, कोवळ्या अंगाला जाळी रुतते. माझ्याकडे टोपडं, पायमोजे आणि कुंची. बाळ ऑक्टोबरात येणार, म्हणजे पुण्यात दुपारी चांगलंच ऊन असतं. लोकर नाही, सगळं सुती.

17 सप्टेंबर

टोपड्याचं गणित लिहून ठेवते, दर वेळी नव्याने करावं लागतं.

जन्मतः डोक्याचा घेर साधारण 33 ते 36 सेंटिमीटर असतो. विणकाम ताणतं, म्हणून टोपडं दोन-तीन सेंटिमीटर लहानच हवं. 34 धरला तर टोपड्याचा घेर साडेएकतीस. त्याला 3.14 ने भागलं की वरच्या गोलाचा व्यास दहा सेंटिमीटर येतो. गोल तेवढा झाला की वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली उतरायचं.

गोल सपाट राहायला खांबांच्या कामात दर फेरीला बारा टाके वाढवायचे. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ. मुक्या खांबांत दर फेरीला सहा. मुका खांब बुटका असतो, त्यामुळे फेरी थोडीच मोठी होते आणि कमी टाक्यांत भागते. याहून कमी वाढवलं की वाटी होते, जास्त वाढवलं की काठाला झालर पडते. माझ्या हाताने दहा सेंटिमीटरमध्ये एकोणीस खांब बसतात, म्हणून साठ खांबांचा घेर साडेएकतीसला येतो. ज्याचा हात सैल त्याने आधी चार बोटांचा नमुना विणून मोजावा.

मरून किनार लावण्याआधी त्या दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला होता. सकाळी फडक्यावर गुलाबी रेघ. दोरा तीन पाण्यांतून काढला, चौथ्यांदा फडकं कोरं राहिलं, मग वापरला. बाळ किनार चोखणारच.

25 सप्टेंबर

पायमोजे. तळवा साडेआठ सेंटिमीटर. आतल्या बाजूला एकही आडवा धागा सुटा ठेवलेला नाही. बाळाच्या पायाच्या बोटाला सुटा धागा किंवा केस आवळून बसला तर रक्त अडतं, आणि बाळ नुसतं रडत राहतं, कुणाला कारण सापडत नाही. थोरल्याच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी हे सांगितलं होतं. तेव्हापासून मी कुणासाठीही मोजे विणले की उलटे करून खिडकीच्या उजेडात धरते आणि बोट आत फिरवते. मणी नाहीत, बटणं नाहीत. टोपड्याला गळ्याखाली बांधायचे बंद सासूबाईंना हवे होते, पूर्वी असायचेच. मी दोन-दोन बोटांचे छोटे लावले, गाठ बसेल पण गळ्याभोवती फिरणार नाहीत एवढेच, आणि नणंदेला सांगितलं की झोपवताना टोपडं काढायचं. कुंचीसुद्धा मांडीवर घेताना, बाहेर नेताना. पाळण्यात बाळाजवळ सुटं काही ठेवायचं नाही.

4 ऑक्टोबर

मुलगी झाली. पहाटे, ठरलेल्या तारखेच्या आधी. डोक्याचा घेर दवाखान्याच्या कार्डावर 33.5. कुंचीची किनार अजून व्हायची आहे.

15 ऑक्टोबर

आज बारसं झालं. कुंची काल रात्री साडेबाराला पुरी झाली. मी धाकटीला थोपटत होते तेव्हा शेवटच्या तीस-चाळीस टाक्यांचा काठ नणंदेने केला. तिने पूर्वी फक्त साखळी घातली होती. तिचे टाके माझ्यापेक्षा घट्ट आहेत, त्यामुळे डाव्या खांद्यावर काठ किंचित आत वळतो.

टोपडं बरोबर बसलं. पाळण्याभोवती बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत होत्या आणि थोरला खाली वाकून बाळाच्या पायमोज्याच्या ओळी मोजत होता.

एका नातलग बाईंनी टोपडं हातात घेऊन विचारलं, असं केवढ्याला पडेल, बाजारात तर शंभर-दीडशेला मिळतं. मी तास सांगितले. टोपडं पाच तास, मोज्यांची जोडी साडेचार, कुंची बावीस. त्यांनी टोपडं हळूच खाली ठेवलं. पैशांचा हिशेब मला मांडता येत नाही आणि मांडायचाही नाही. पण तास सगळ्यांनी मोजावेत असं मला मनापासून वाटतं. बायकांच्या हातचं काम शतकानुशतकं ‘रिकाम्या वेळात केलं’ म्हणून सांगितलं गेलं आहे. या घरात रिकामा वेळ कुणाला होता?

18 ऑक्टोबर

दादाची भेट सुचली, आणि सुचली ती चुकीतून. दिव्याखाली ठेवायला एक गोल रुमाल विणत होते. अर्धी झोप होती, मुक्या खांबांच्या गोलाला दर फेरीला सहाऐवजी बारा वाढवत गेले. आठव्या फेरीला काठ लाटेसारखा उभा राहिला. उसवायला घेतला आणि आठवलं की दादाने एकदा याबद्दलच सांगितलं होतं.

दादा कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. सपाट कागदावर एका रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते, हे आपण शाळेत शिकतो. एकोणिसाव्या शतकात बोयाय आणि लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी दाखवलं की असंही भूमितीचं जग असू शकतं जिथे अशा रेषा कितीही असतात. पण ते जग हातात धरता येईल असं करून दाखवणं अवघड होतं. कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने फाटायचे. 1997 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी ते क्रोशाने विणलं. कृती सोपी आहे. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा आणि प्रत्येक ओळीत तेच प्रमाण कायम ठेवायचं.

दादा हे सांगत होता तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ‘तुला जमेल ते’ असं म्हणाला होता. भाऊबीजेला पंधरा दिवस आहेत.

23 ऑक्टोबर

20 मुक्या खांबांपासून सुरुवात. दर पाचव्या टाक्यात दोन काढायचे, म्हणजे पाचाचे सहा होतात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या सव्वापट नाही, पण 1.2 पट होते. ऐकायला फरक लहान वाटतो. 20, 24, मग 29, 35. सुरुवातीची 20 ची ओळ न धरता दहाव्या ओळीला 124. पंधराव्या ओळीला 308.

साधी साडेचार मिलिमीटरची सुई घेतली होती, पण कापड लोंबायला लागलं. उसवून तीनची सुई घेतली आणि हात घट्ट ठेवला. आता लाटा स्वतःच्या बळावर उभ्या राहतात. लोकर साधी अॅक्रिलिक, हिरवी. याला इस्त्री अजिबात लावायची नाही, अॅक्रिलिक वाफेने मरतं, मऊ पडून परत उभं राहत नाही.

28 ऑक्टोबर, वसुबारस

या कामाची एक अडचण आहे. तुकड्यांत होत नाही. पहिल्या ओळीला एक मिनिट लागलं होतं, कालच्या अठराव्या ओळीला अर्ध्या तासाच्या जवळ. 530 टाके. थोरल्याची मण्यांची पाटी इथे उपयोगी पडली. मी पाच मोजते, सहावा काढते, तो मणी सरकवतो. दिवाळीच्या फराळाचं तळण चालू असताना आम्ही दोघं माजघरात बसून पाच-पाच म्हणत होतो. धाकटी लाटांमध्ये बोटं घालून बघत होती. तिला ते फार आवडलं आहे. एका खळग्यात बोट घातलं की ते दुसऱ्याच बाजूने निघतं.

सुरुवातीची कड दहा सेंटिमीटर, शेवटची कड अडीच मीटरच्या वर. आणि सगळं मिळून माझ्या दोन ओंजळींत मावतं.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

काल रात्री शेवटचं काम केलं. विणलेला पृष्ठभाग घडी घातला की घडीची रेघ म्हणजे त्या जगातली सरळ रेषा. एक घडी घातली, तिच्यावरून पिवळ्या दोऱ्याने धावदोरा घातला. मग त्या रेषेबाहेर एक बिंदू धरून त्यातून तीन वेगवेगळ्या घड्या घातल्या आणि त्यांवर पांढरा दोरा. उलगडून धरलं. तीनही पांढऱ्या रेषा त्या एका बिंदूतून निघतात आणि पिवळीला एकही भेटत नाही, उलट दूर दूर जातात. दोरा ओवताना मला ते समजलं. दादा सांगत होता तेव्हा ऐकलं होतं, समजलं नव्हतं.

ओवाळून झाल्यावर पाटावरच त्याच्या हातात दिलं. त्याने आधी पिवळी रेघ घडी घालून ताणली, सरळ आहे का बघितली. मग एक पांढरी. मग दुसरी. बोलला नाही काही वेळ. मग म्हणाला, ‘बाराव्या वर्षी तू माझ्या वहीतली प्रमेयं घोकून दाखवायचीस, आठवतं?’ मला आठवत होतं. दहावीनंतर मी गणित सोडलं होतं.

तो उद्याच वर्गात नेणार आहे. म्हणाला, मुलांच्या हातात देईन, टेबलावर ठेवून दाखवणार नाही.

11 नोव्हेंबर

आता फक्त शाल. आजी वाईला असते, 86 वर्षांची. तिची नजर अधू झाली आहे. समोरचा माणूस आवाजावरून ओळखते, दारातला उजेड कळतो, बारीक काही दिसत नाही. पण बोटं शाबूत आहेत. म्हणून चौकोनांची शाल करायची. प्रत्येक चौकोन तिला बोटांनी वाचता आला पाहिजे.

साधा चौकोन, पाच फेऱ्यांचा. तीन-तीन खांबांचे गठ्ठे, पहिल्या फेरीत चार, दुसरीत आठ, मग बारा, सोळा, वीस. एकूण साठ गठ्ठे, म्हणजे चौकोनाला 180 खांब. चौकोन साडेबारा सेंटिमीटर. दहा गुणिले पाच असे पन्नास चौकोन. उभी सव्वा मीटर, आडवी साडेबासष्ट सेंटिमीटर. वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. त्याहून जड केली तर तिच्या खांद्यांना ओझं होईल.

20 नोव्हेंबर

दुकानात गेले तर त्याच नावाच्या निळ्या रंगाचा दुसरा लॉट आला आहे. घरी आणून पहिल्या गुंड्याशेजारी ठेवला तर स्पष्ट फरक, नवा जरा जांभळ्याकडे झुकतो. चूक माझीच, जुलैत पाचही गुंडे घ्यायला हवे होते. लोकर एकाच घाण्यात रंगवलेली हवी, लॉट नंबर कागदी पट्टीवर असतो, तो बघूनच सगळी एकदम घ्यावी. आजीला फरक दिसणार नाही, असं मनात आलं आणि लगेच लाज वाटली. प्रत्येक चौकोनाच्या आतल्या तीन फेऱ्या जुन्या निळ्याच्या आणि बाहेरच्या दोन नव्या लॉटच्या केल्या. आता ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं आणि शोभतं.

12 डिसेंबर

एकतीस झाले. थंडी चांगली पडली आहे. सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट बघत फाटकाजवळ उभी राहते तेव्हा एका चौकोनाच्या दोन फेऱ्या होतात. शेजारच्या बाई रोज विचारतात, कितवा. धाकटी चालायला लागली आहे. आता गुंड्याचा डबा उचलून दुसऱ्या खोलीत नेते, आणि मी इकडून लोकर सोडत राहते.

29 डिसेंबर

पन्नास. परवा रात्री थोरल्याला उलट्या होत होत्या, मी त्याच्या उशाशी बसून तीन चौकोन केले. झोप उडालेलीच होती. आता जोडायचे. चौकोन समोरासमोर ठेवून मुक्या खांबाने जोडले तर शिवण उठून येते. इथे मला ती हवीच आहे, तिच्या बोटांना चौकोनाची सीमा कळेल.

11 जानेवारी 2025, शनिवार

वाईला आलो. संक्रांत मंगळवारी आहे, पण थोरल्याला सुट्टी आज-उद्याच.

दुपारी आजी ओसरीवर उन्हात बसली होती. शाल मांडीवर ठेवली. तिने आधी नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग कोपरा सापडवला आणि तिथून सुरू झाली. डावा अंगठा शिवणीवर, उजव्या हाताची दोन बोटं गठ्ठ्यांवरून. ओठ हलत होते. पाच, पाच, पाच, पाच, कोपरा. पुढचा. थोरला शेजारी येऊन बसला आणि तोही मोजायला लागला. दोघंही घाई करत नव्हते. मी धाकटीला भात भरवून आले तरी तिसरीच ओळ चालली होती.

चौथ्या ओळीत ती थांबली. बोटं मागे नेली, पुन्हा फिरवली.

‘इथे एका बाजूला चारच आहेत गं.’

मी वाकून बघितलं. चारच होते. बाहेरच्या फेरीत एक गठ्ठा सुटला होता आणि मी जोडताना ताणून बसवला होता. थोरल्याच्या उलट्यांच्या रात्रीतला चौकोन असणार.

‘राहू दे ना आजी, कळत नाही.’

‘मला कळतंय. उसव.’

कात्री आणली, चारही बाजूंच्या शिवणी सोडवल्या, चौकोन बाहेर काढला, शेवटची फेरी उसवली. उसवलेली लोकर आजीने माझ्या हातातून घेतली आणि चार बोटांवर आठच्या आकड्यात गुंडाळत राहिली, कुठेही गुंता नाही. धाकटी तिच्या पायाशी झोपली होती. मी फेरी पुन्हा घातली. मधेच विचारायची, किती झाले. मी सांगायचे. वीस पुरे झाल्यावर चौकोन तिच्याकडे दिला, तिने चारही बाजू मोजल्या आणि परत दिला.

जोडून व्हायला पाच वाजले. ऊन ओसरीवरून गेलं होतं. आजीने शाल खांद्यावर घेतली, टोक पुढे ओढलं आणि म्हणाली, ‘आता चहा टाक.’